पेन्सिल धरण्याची अस्सलबरहुकूम नक्कल

नक्कलसाहेबांचं अक्षर सुंदर आहे ही गोष्ट सगळ्यांत आधी नक्कलसाहेबांना कळली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मग ती शाळेला कळली, नातेवाइकांना कळवण्यात आली आणि शेवटी सरकारच्या कानावर गेली. सरकारने त्यांना जुन्या कागदपत्रांच्या नकला देणाऱ्या खात्यात चिकटवलं. पुढे नकला यंत्रातून निघू लागल्या, तरी प्रत्येक नकलेखाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' हे शब्द हाताने लिहून सही करायचं काम साहेबांकडेच राहिलं. मुळात जसं आहे अगदी तसंच उतरलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण साहेब ते शब्द असे लिहीत की मूळ कागद त्यापुढे फिका पडावा. 'नक्कलसाहेब' हे नाव त्यांना खात्यातल्या शिपायाने दिलं. ते इतकं रुळलं की रागावल्यावर त्यांची बायकोही तेच वापरी.

त्यांची सही पाहण्यासारखी होती. सुरुवातीला एक वेलांटी होती, जी त्यांच्या नावात नव्हती. शेवटी एक फटकारा होता, जो शेजारच्या माणसाच्या नावापर्यंत जाई. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर वाटाण्याएवढा घट्टा होता आणि पाहुण्यांना तो दाखवण्याची पद्धत होती. रोज संध्याकाळी मनगट ठणके, बायको त्यावर बाम चोळी, आणि हा आपल्या सेवेचा भाग आहे असं साहेब धरून चालत. खिडकीशी आलेल्या अर्जदाराला 'सही जुळत नाही' असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख उमटे. दिवसातून निदान चार वेळा तरी ते उमटे.

अशा माणसाच्या घरी एक दिवस मुलीच्या बालवर्गातून चिठ्ठी आली. साहेबांनी ती तीनदा वाचली. एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षरासाठी, आणि एकदा ती चुकून दुसऱ्या कोणाची तर नाही ना हे बघण्यासाठी. चिठ्ठीत लिहिलं होतं की चिमीची पेन्सिलीवरची पकड बरोबर नाही, दोन ओळींत तिचा हात थकतो, टोक मोडतं आणि कागद फाटतो. दोन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर तिला पहिलीत न पाठवता आणखी एक वर्ष बालवर्गातच ठेवावं लागेल.

चिमी पाच वर्षांची होती. हे तिचं घरातलं नाव. शाळेतलं नाव चार अक्षरी होतं आणि त्यात मध्येच एक अवघड जोडाक्षर होतं. लिहिल्यावर देखणं दिसतं म्हणून साहेबांनीच ते हट्टाने ठेवलं होतं. ज्याला ते रोज लिहावं लागणार त्याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंची मुलगी तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि पहिलीच्या वर्गातला खिडकीजवळचा बाक दोघींनी आत्ताच वाटून घेतला होता. चिठ्ठी वाचून झाल्यावर चिमीने विचारलं, "मग त्या बाकावर ती एकटीच बसणार का?"  साहेबांनी ताबडतोब पट्टी आणि कागद काढला.

बायको एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिळाएवढे स्क्रू चिमटीत धरून काड्या बसवायच्या हे तिचं दिवसभराचं काम. हाताच्या बोटांविषयी त्या घरात कोणाला विचारायचंच झालं तर तिला विचारायला हवं होतं, म्हणून अर्थातच कोणी विचारलं नाही. "मला वाटतं काय झालंय ते माझ्या लक्षात आलंय," ती म्हणाली. साहेब म्हणाले, तक्ता पुरा होऊ दे. साहेब समास आखत होते, आणि समास आखताना ते कोणाचं ऐकत नसत.

तक्त्यात सात रकाने होते. कपड्यांचे चिमटे लावणं, मणी ओवणं, पिठाचा गोळा मळणं, कागद फाडणं, कात्रीने रेघेवरून कापणं, बाटल्यांची झाकणं फिरवणं आणि 'इतर'. 'इतर' लिहिल्याशिवाय साहेबांना कुठलाही तक्ता पूर्ण वाटत नसे. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप वठणीवर येईल, असा त्यामागचा सिद्धांत होता.

चिमट्यांचं काम चिमीने मनावर घेतलं. पडदे झाले, पायपुसणी झाली, झाडांची पानं झाली. एका सकाळी साहेब सदऱ्याच्या कॉलरला मागून पिवळा चिमटा लावून कचेरीत गेले आणि संध्याकाळपर्यंत तसेच वावरले. कोणी काही बोललं नाही. वरिष्ठांच्या पाठीमागे काय चाललंय ते वरिष्ठांना सांगायचा त्या खात्यात रिवाज नव्हता. परतताना बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाईंनी तो हळूच काढला आणि "तुमचा आहे का?" असं विचारलं. साहेबांनी हो म्हणून तो खिशात ठेवला आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला. कागद फाडण्यातही चिमीची प्रगती चांगली होती. चौथ्या दिवशी तिने भिंतीवरचा तक्ताच उतरवून फाडला. पट्ट्या उभ्या, सरळ आणि एका मापाच्या होत्या, त्यामुळे रागवायचं नक्की कशाबद्दल हा प्रश्न पडला. साहेबांनी दुसरा तक्ता केला आणि तो उंचावर लावला.

आता चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत अशी गोष्ट झाकून राहत नाही. सगळ्यांत आधी समोरच्या दारातले निवृत्त कवायत मास्तर आले. बोटं ही शेवटची गोष्ट आहे, असं त्यांचं मत पडलं. बोटांना बळ मनगटातून मिळतं, मनगटाला खांद्यातून, आणि खांदा तयार नसताना पेन्सिल हातात देणं म्हणजे पाया न घालता गच्ची बांधणं. उपाय म्हणून त्यांनी हातगाडीची चाल सुचवली. मुलाने हातांवर चालायचं, मोठ्याने मागून पाय धरायचे. मुलं बघून शिकतात, सांगून नाही, हेही मास्तरांनीच वर सांगितलं. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरणार होतं. पण त्या दिवशी त्याचा अर्थ एवढाच निघाला की आधी साहेबांनी करून दाखवायचं.

तेव्हा जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत साहेब हातांवर चालत होते. मास्तरांनी पाय धरले होते, चिमी मोजत होती, आणि नेमके तेव्हाच छत्रीवाले गृहस्थ जिना चढून वर आले. हे एक वयस्कर अर्जदार. बहिणीच्या जन्मनोंदीची नक्कल त्यांना हवी होती आणि साहेबांनी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं, कारण वयापरत्वे त्यांचा हात कापे आणि अर्जावरची सही जुन्या सहीशी जुळत नसे. कोणीतरी त्यांना सुचवलं होतं की घरी जाऊन भेटा. गृहस्थांनी खाली बघितलं, छत्री बगलेत धरली आणि अदबीने थांबून राहिले. साहेब भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. मग गृहस्थांनी विचारलं, साहेब आत्ता कामात असतील तर सोमवारी कचेरीत येऊ का? साहेबांनी त्याच स्थितीतून सांगितलं की सोमवारी आलात तरी सही जुळायला हवी. नंतर दोन दिवस त्यांना पाठ सरळ करता आली नाही.

मग दंतवैद्यबाई आल्या. त्यांनी खांद्याचा सिद्धांत ऐकून घेतला, मास्तर गेल्याची खात्री केली आणि म्हणाल्या की खरं काम चिमटीचं आहे. आपल्या दवाखान्यातला एक जुना चिमटा त्यांनी धुऊन, उकळून आणून दिला. एका वाटीतले मणी त्याने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, रोज शंभर. दोन दिवसांत चिमीला वाट्यांचा कंटाळा आला. मणी आत जाईल असं भोक शोधायला ती निघाली, आणि घरात त्या मापाचं सगळ्यांत चांगलं भोक बाहेरच्या दाराच्या कुलपाला होतं. दुपारी तिघं बाजारातून परतली तेव्हा किल्ली अर्ध्यावरच अडली.

किल्लीवाला आला. त्याने भोकात डोकावलं आणि एकामागून एक दहा मणी बाहेर काढले. अकरावा निघेना. त्याचा चिमटा जाड होता. तेव्हा चिमीने पिशवीतून आपला चिमटा काढला, जीभ बाहेर काढून नेम धरला आणि तो मणी असा अलगद बाहेर आणला की किल्लीवाला मागे सरकून बसला. "पोरीच्या बोटांत काही कमी नाही हो," तो म्हणाला. हे ऐकून साहेबांना आनंद व्हायला हवा होता, पण ते जास्तच काळजीत पडले. खांदा झाला, मनगट झालं, बोटं उत्तम आहेत असं एका कारागिराने सांगितलं, आणि तरीही त्याच संध्याकाळी पेन्सिल हातात घेतल्यावर दुसऱ्या ओळीला टोक मोडलं. चिमीने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन चोळत बसली. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

महिना संपला तेव्हा ते स्वतःच शाळेत गेले. बगलेत दोन्ही तक्त्यांची फाइल होती. फाटलेला तक्ताही चिकटवून आत लावला होता. वर्गातल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या होत्या. साहेब त्यातल्या एकीवर बसले आणि त्यांचे गुडघे कानांशी आले. अशा स्थितीत माणसाला रुबाब राखता येत नाही. चिमीच्या बाई हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या आणि मुलांशी बोलायच्या तशाच पालकांशी बोलायच्या. त्यांनी फाइल पानन् पान बघितली. छान झालंय म्हणाल्या. मग भेटीच्या वहीत सही करायला सांगितली आणि चिमीला शेजारी चित्र काढायला बसवलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाई बघत होत्या. एकदा त्यांनी साहेबांच्या हाताकडे बघितलं, एकदा चिमीच्या. मग पुन्हा साहेबांच्या.

त्या बुटक्या टेबलावर दोन हात शेजारी शेजारी होते. दोघांची लेखणी पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात खोल रुतलेली, अंगठा वरून गच्च गुंडाळलेला, उरलेली बोटं मुठीत, मनगट आत वळलेलं, आणि जिभेचं टोक डाव्या बाजूने बाहेर. कोणीतरी पेन हिसकावून नेणार आहे अशा बेताने दोघांनी ते धरलं होतं.

"असं धरायला तुला कोणी शिकवलं गं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," चिमी म्हणाली. "बाबा असंच धरतो. बाबाचं अक्षर सगळ्यांत छान आहे."

साहेबांनी आयुष्यात लाखभर नकला तपासल्या असतील. ही त्यांतली सगळ्यांत चोख होती. काना-मात्रेचा फरक नव्हता. दोष मूळ प्रतीतच होता. त्यांना फार लाज वाटली. आणि आपल्याकडे बघता बघता कोणीतरी इतकं मन लावून शिकलं, याचं त्याच वेळी इतकं बरंही वाटलं की त्याची वेगळी लाज वाटली.

बाईंनी समजावून सांगितलं की हट्टाने चाळीस वर्षं घासलं तर माणूस कसंही धरून सुंदर लिहू शकतो. लहान हाताला ते झेपत नाही. सगळं बळ धरण्यातच संपतं, लिहायला उरत नाही. "तुमचं मनगट दुखतं का हो?" त्यांनी विचारलं. साहेब नाही म्हणाले. चिमी म्हणाली, "रोज दुखतं. आई बाम लावते."

"मी तिला इथे तासभर सांगणार आणि घरी ती तुमच्याकडे बघणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही बदललात तर ती बदलेल. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही."

घरी आल्यावर साहेबांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तक्ता पुरा झाला वाटतं."  तिने एक तपकिरी मोज्यांची जोडी काढली आणि प्रत्येक मोज्याला तीन भोकं कापली: अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट. पेन्सिल पहिल्या दोघांनी धरायची, मधल्याने खालून टेकू द्यायचा, आणि बाकीच्या दोन बोटांनी मोज्याच्या आत कापसाचा बोळा धरून झोपून राहायचं. एक मोजा चिमीच्या हातात, दुसरा साहेबांच्या. पेन्सिली बोटभर लांबीच्या, कारण आखूड पेन्सिल मुठीत धरताच येत नाही.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसू लागली. उभ्या रेघा, आडव्या रेघा, डोंगर, गोल. पहिल्या आठवड्यात दोघांचं सारखंच वाईट येई. दुसऱ्या आठवड्यात चिमीची रेघ सरळ झाली. साहेबांची नाही झाली; चाळीस वर्षांचं विसरायला पाच वर्षांच्या विसरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चिमीला ते दिसत होतं आणि तिने त्यांची जबाबदारी घेतली. "दोन बोटांना झोपव ना, बाबा," ती सांगे. "दाबू नको. पेन्सिल पळून नाही जात." एकदा तिने त्यांच्या पानाखाली मोठ्या अक्षरात 'पुन्हा' लिहिलं. साहेबांच्या कागदावर कोणी 'पुन्हा' लिहिण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी ते पान पुन्हा केलं.

सवय मोडायची तर दिवसभर मोडा, असं बाईंचं म्हणणं होतं. म्हणून साहेब मोजा घालून कचेरीत जाऊ लागले. पहिल्या दिवशी खात्यात बातमी होती की साहेबांचा हात भाजला. दुसऱ्या दिवशी लकवा झाला. तिसऱ्या दिवशी शिपायाने खात्रीलायक सांगितलं की साहेबांना बढतीसाठी कुठली तरी नवी परीक्षा द्यायची आहे आणि मोजा तिच्या अभ्यासक्रमात आहे. तेव्हा दोन कनिष्ठ कारकुनांनी मोजे आणले.

खरी पंचाईत सहीची झाली. नव्या पकडीत ती सुरुवातीची वेलांटी वळेना आणि शेवटचा फटकारा सुटेना. जी सही उमटे ती गोल, उभी, सुटी अक्षरं असलेली, नीट वाचता येणारी. आणि सही वाचता आली की ती कोणाला खरी वाटत नाही. साहेबांच्या सहीच्या नकला घेऊन माणसं इतर कचेऱ्यांत गेली आणि परत आली. खिडकीपाशी येऊन ती साहेबांनाच सांगू लागली, "साहेब, सही जुळत नाही म्हणतात." हे वाक्य खिडकीच्या त्या बाजूने कसं ऐकू येतं याची साहेबांना आजवर कल्पना नव्हती. शेवटी वरून आदेश आला की नमुना सही नव्याने नोंदवली जाईपर्यंत नकलांवर कनिष्ठाने सही करावी, साहेबांनी नुसतं बसावं. साहेब नुसते बसले. बसायचं हे काम वाटतं तितकं सोपं नाही, विशेषतः हातात मोजा असताना.

या सगळ्या काळात बामाची डबी उघडलीच गेली नव्हती. हे फक्त बायकोच्या लक्षात आलं.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी दुपारी चाचणी होती. आईबाप काचेबाहेर उभे होते. चिमीने उभ्या रेघा काढल्या, गोल काढले, दोन ओळींच्या मध्ये अक्षरं बसवली. शेवटी स्वतःचं नाव लिहायचं होतं. जोडाक्षरापाशी ती थांबली, पेन्सिल सैल केली, पुन्हा धरली आणि लिहून मोकळी झाली. टोक शाबूत होतं. बाईंनी काचेतून नुसती मान हलवली, आणि साहेबांना डोळे पुसायला मोजा उपयोगी पडला.

आता एकच बाकी होतं. वर्गबदलाच्या अर्जावर पालकाची सही घेऊन तो शाळेच्या कार्यालयात चार वाजेपर्यंत द्यायचा, कारण पहिलीची यादी चार वाजता बंद होणार होती. साहेब खिडकीशी गेले तेव्हा साडेतीन झाले होते. आत एक सडपातळ कारकून बसला होता. साहेबांनी पेन नीट चिमटीत धरलं, दोन बोटं झोपवली आणि सही केली. कारकुनाने प्रवेशाच्या वेळची फाइल काढली, दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, एक बघितली, दुसरी बघितली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं.

"साहेब, सही जुळत नाही."

साहेबांना त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. त्यांनी स्वतः नेमकं हेच, याच सुरात सांगितलं असतं.

बायको पुढे झाली आणि म्हणाली, मी आई आहे, माझी सही घ्या. कारकुनाने फाइल तिच्याकडे वळवली. आईचा रकाना होता, त्यात साहेबांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं. खाली शेऱ्यात, देखण्या अक्षरात, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं की पालक म्हणून केवळ माझीच सही ग्राह्य धरावी. बायकोने ते शांतपणे वाचलं. या विषयावर घरी बोलणं होणार आणि ते बराच काळ चालणार हे साहेबांना दिसलं.

कारकून दयाळू होता. म्हणाला, "जुनी सही करून दाखवा साहेब, एकदाच. मी अर्ज घेतो."

एकदाच. साहेबांनी पेन बेचक्यात घेतलं. अंगठा जुन्या वाटेने वर निघाला. त्यांना जाणवलं की हाताला अजून सगळं आठवतंय. वेलांटी बोटांत तयार उभी होती. तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावर एक हनुवटी टेकली. चिमी चवड्यांवर उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होती.

"बाबा, तसं नाही धरायचं," ती हळूच म्हणाली. रागावून नाही, आपला माणूस विसरलाय आणि त्याला आठवण करून द्यायला हवी, अशा आवाजात.

तिला बाहेर पाठवता आलं असतं. साहेबांच्या मनात ते आलंही. पण ही मुलगी नक्कल कशी करते ते त्यांना आता पुरतं माहीत होतं. दार लावून केलेलीही ती उचलेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी अंगठा खाली घेतला आणि पेन कट्ट्यावर ठेवलं.

"ती सही मी आता करत नाही," ते म्हणाले.

"मग अर्ज राहील, साहेब."

घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. चिमी एकदा बाबाकडे, एकदा कारकुनाकडे बघत होती. तेव्हा साहेबांनी पहिल्यांदाच खिडकीबाहेरून, पण कारकून म्हणूनच प्रश्न विचारला. पालकाची सही बदलली तर काय करायचं, याचं कलम असेलच ना? आतल्या माणसाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने मागच्या फडताळातून एक जाड पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि मोठ्याने वाचलं: अशा प्रसंगी, कर्मचारी सोडून, शाळेच्या दप्तरी नोंद असलेल्या व्यक्तीने पालकास समक्ष ओळखत असल्याचं लिहून देऊन नाव घालावं.

दप्तरी नोंद कोणाची होती? आई 'वरीलप्रमाणे' होती. बाई कर्मचारी होत्या. कारकुनाने फाइलवर बोट ठेवलं. नोंद एकाच व्यक्तीची होती, पहिल्याच ओळीत, आणि त्या नावात जोडाक्षर होतं.

"ती पाच वर्षांची आहे," साहेब म्हणाले.

"कलमात वय दिलेलं नाही."

"ती पेन्सिलने लिहिते."

कारकुनाने कलम पुन्हा वाचलं. "'लिहून देऊन' म्हटलंय. कशाने ते म्हटलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, नियमाची किंमत असलेली दोन माणसं बघतात तसं. मग कारकुनाने दार उघडून चिमीला आत घेतलं आणि आपल्या खुर्चीवर दोन रजिस्टरं ठेवून त्यांवर बसवलं. चिमीने खिशातून बोटभर पेन्सिल काढली. तिला सांगितलं गेलं की हा माणूस कोण आहे ते लिही आणि खाली तुझं नाव लिही. तिने बाबाकडे नीट निरखून बघितलं. काम जबाबदारीचं होतं आणि उगाच हो म्हणण्यात अर्थ नव्हता.

मग तिने लिहिलं: हा माझा बाबा.

पाच अक्षरांना चार मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही. कारकून दारात उभा राहिला आणि यादी न्यायला आलेल्या शिपायाला त्याने हाताने थोपवून धरलं. मग ती नावाकडे वळली. जोडाक्षरापाशी साहेबांनी श्वास धरला, बायकोने त्यांचा मोजा धरला. पेन्सिल थांबली, सैल झाली, पुढे गेली. कारकुनाने कागद उचलून उजेडात धरला, वाचला, आणि त्यावर 'ओळख पटली' असा शिक्का मारला. चारला दोन मिनिटं कमी होती.

पुढच्या महिन्यात चिमी खिडकीजवळच्या बाकावर बसू लागली. साहेबांची नवी नमुना सही खात्यातही रीतसर नोंदली गेली आणि खिडकी त्यांना परत मिळाली. पहिल्याच सोमवारी तिथे छत्रीवाले गृहस्थ येऊन उभे राहिले. हा त्यांचा चौथा अर्ज. सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं होतं, तरी रेघ थरथरली होतीच. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. त्या जुळत नव्हत्या.

"बसा," साहेब म्हणाले. आजवर त्या खिडकीत कोणी कोणाला बसा म्हटलं नव्हतं, त्यामुळे आधी खुर्ची शोधावी लागली. मग त्यांनी आपल्या खात्याचं जाड पुस्तक काढलं आणि कलम शोधलं. ते सत्तेचाळिसाव्या पानावर होतं आणि तिथे वीस वर्षं तसंच पडून होतं. अर्जदारास समक्ष ओळखणारी व्यक्ती हवी होती. गृहस्थ म्हणाले, या गावात मला ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही.

"मी ओळखतो," साहेब म्हणाले.

गृहस्थांनी थोडा विचार केला. "हो," ते अदबीने म्हणाले, "आपली एकदा भेट झाली होती."

साहेबांनी दोन बोटं झोपवली, पेन हलक्या चिमटीत धरलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं की यांना मी समक्ष ओळखतो. खाली सही केली. ती त्यांच्या नावाशी सुरू झाली आणि त्यांच्या नावाशीच संपली, आणि शेजारची थरथरती सही होती तशीच नीट वाचता आली.